खडीगाडीचा पूल

मु. नदीचा पाडा, अकलोलीजवळ,
ता. भिवंडी
रविवार, १३ नोव्हेंबर १९७७

प्रिय मंदा,

तुझं पत्र पोचलं. "आई, तुझ्या प्रत्येक कार्डात पुलाची खुशाली असते, तुझी कुठेच नसते," हे वाक्य वाचून मी वर्गातच हसले आणि चौथीची मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तुझं म्हणणं खरं आहे. पण कार्डावर जागा ती किती, आणि आपला पोस्टमन लहानू वाटेत सगळी कार्डं वाचून मग गावाला बातम्या सांगतो हे तुला माहीत आहे. म्हणून आज चांगले फुलस्केप कागद आणि जाड पाकीट घेऊन बसले आहे. तुझी आजी ओट्यावर सुपात तांदूळ निवडते आहे. तुझी ड्युटी संपली, जेवण झालं, की निवांत वाच. सुरुवात मात्र पुलापासूनच करावी लागेल, कारण या वर्षात माझं जे काही झालं ते पुलावर तरी झालं नाहीतर पुलाखाली.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात गोदू पुलावर पडली हे मी तुला कळवलं होतं, पण कशी ते कळवलं नव्हतं. तुझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेली गोदू, पल्याडच्या पाड्यावरची. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होती. खडीगाडी बंद झाल्यावर रूळ काढून नेले आणि स्लीपर तेवढे राहिले, त्यांवर पाय टाकत टाकत आपण सगळे आयुष्यभर गेलो. त्यातला एक स्लीपर आतून कुजला होता. गोदूचा पाय मांडीपर्यंत आत गेला, ती तशीच अडकली, खाली तानसा नदीचं गढूळ पाणी. चार माणसांनी तिला ओढून वर घेतलं तेव्हा हाड मोडलेलं होतं. दिवाळीनंतर कचेरीतून माणसं आली, दोन्ही तोंडांना काटेरी तार लावली आणि पाटी ठोकली, की पूल धोकादायक आहे. मागून बातमी आली, की भंगाराचा लिलाव करून गॅसने कापून नेणार. पल्याडची मुलं शाळेत यायची बंद झाली. वज्रेश्वरीकडून वळसा घालून यायचं म्हणजे सकाळी निघालेलं पोर दुपारी पोचणार. माझा वर्ग अर्धा रिकामा झाला. रिकामे पाट बघून शिकवणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

लिलावाची बातमी मी घरी सांगितली तेव्हा तुझी आजी कधी नव्हे ते ताट सोडून उठली. सासूबाईंना रागावलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. मग तिने सांगितलं ते इतकी वर्षं सून असूनही मला माहीत नव्हतं. धरणाच्या कामाला दगड न्यायला इंग्रज साहेबाने खाणीपासून ही लहान लाइन टाकली, तेव्हा आजीचे वडील पुलाच्या खांबांवर मजुरीला होते. बैलाच्या घाण्यात मळलेला चुना घमेल्याने वर चढवायचं त्यांचं काम. पूल होण्याआधी नदी ओलांडायला तरीची नाव होती. तरीवाला आधी बाकीच्यांना घ्यायचा, जागा उरली तर आपल्या माणसांना, तेही टोकाला, कोणाला अंग लागणार नाही असं. पूल झाला आणि गाडी नसेल तेव्हा सगळेच त्यावरून जायला लागले. लाइनीवरचा मुकादम हाकलायचा, पण हाकलायचा तो सगळ्यांना सारखंच. आजी लहान असताना बापाचं बोट धरून पूल ओलांडायची आणि बाप तिला मधला खांब दाखवायचा. "त्या खांबात माझ्या बापाचा घाम हाय," ती मला म्हणाली. "त्यो इकायचा न्हाय कुनी."

मी अर्ज लिहिला. दोन्ही पाड्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले, मुख्याध्यापकांना पुढे घातलं आणि तालुक्याला गेले. मागणी एवढीच, की तोडण्याआधी पुलाचं जाणणाऱ्या माणसाकडून तो तपासून घ्या. तिथले साहेब भले होते. म्हणाले, खात्यात असा माणूस नाही, पण रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले एक पुलांचे इन्स्पेक्टर आहेत, मूळचे इथलेच, दापोड्याचे, आता कल्याणला राहतात. ते येतात का पाहतो. आणि जानेवारीत एका सकाळी भोईर साहेब एसटीतून उतरले. केसरीनाथ भोईर. उंच, किंचित वाकलेले, खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात एक लहानशी हातोडी. कोणी चहाला बोलावलं तर "आधी पूल" म्हणाले आणि तारेखालून वाकून सरळ वर गेले. सबंध दिवस तो माणूस रिव्हेट, म्हणजे पट्ट्या जोडणारे गोल डोक्याचे खिळे, ठोकून बघत होता. रिव्हेटच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूला हातोडी मारायची. रिव्हेट घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो; सैल असेल तर आवाज बसका येतो आणि बोटाखाली थरथर लागते. मधल्या सुट्टीत मी बघायला गेले तर त्यांनी माझंही बोट एका रिव्हेटवर ठेवायला लावलं. इतकी वर्षं मी त्या पुलावरून गेले, पण त्याला हात लावून बघितला तो त्या दिवशी.

संध्याकाळी त्यांनी गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळईच्या, कडेचा गंज खरवडला, तेव्हा आतून ओतीव अक्षरांची एक पट्टी निघाली. विलायतेतल्या कुठल्याशा गावाचं नाव आणि साल १८६८. मी म्हटलं, हे कसं, आमचा पूल तर धरणाच्या वेळचा, त्यानंतर वीसपंचवीस वर्षांनी झालेला. ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा. त्यांनी समजावून सांगितलं, की हे गर्डर आधी कुठल्यातरी मोठ्या लाइनीवर होते. गाड्या जड झाल्या तशी तिथे नवे जाड गर्डर घातले, आणि हे उतरवून खाणीच्या हलक्या गाडीसाठी इथे आणले. रेल्वेत तसं नेहमी करतात. म्हणजे आपला पूल आपल्याकडे आला तोच दुसरेपणाचा. ते म्हणाले, हे घडीव लोखंड आहे, आताच्या पोलादासारखं झटकन गंजत नाही. हाल केले नाहीत तर अजून पुष्कळ टिकेल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर्गात बोलावलं. मुलांनी विचारलं होतं, की पुलाला सगळीकडे तिरप्या पट्ट्याच का. भोईर साहेबांनी बांबूच्या कामट्या मागवल्या, सुतळीने बांधून एक चौकोन केला आणि वर्गातल्या बकुळाला तो दाबायला सांगितला. चौकोन लगेच कलंडला. मग त्यात एक तिरपी कामटी बांधून दोन त्रिकोण केले. आता आख्ख्या वर्गाने दाबला तरी तो हलेना. मी गेली वीस वर्षं फळ्यावर त्रिकोण काढते आहे, कोनांची बेरीज शिकवते आहे, पण त्रिकोणाचं हे अंग मी मुलांना कधी दाखवलं नव्हतं. मग मी त्यांच्याकडून पुढचंही काढून घेतलं. कुठली पट्टी दाबली जाते, कुठली ताणली जाते, गर्डरचं एक टोक खांबाला पक्कं आणि दुसरं लाटण्यासारख्या लोखंडी रुळांवर मोकळं का ठेवतात. उन्हाने लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा लागते, नाहीतर ते खांबालाच ढकलेल. आपल्या पुलाचे ते रूळ गंजून आणि कावळ्यांच्या काटक्यांनी घट्ट बसले होते. मी सगळं आकृती काढून समजून घेतलं. त्यांना चुकीच्या ठिकाणी अडवलंही. ते शिकवताना घाई करत नाहीत आणि अडवलं तर त्यांना आवडतं.

मला वाटलं, झालं काम. गर्डर चांगले, रिव्हेट बहुतेक घट्ट. सही करतील आणि जातील. तिसऱ्या दिवशी ते धोतर खोचून नदीत उतरले, मधल्या खांबाच्या वरच्या अंगाला पाण्यात हात घातला, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत खांबाखाली गेला. नदीने खालची भर काढून नेली होती. वर आले. मला म्हणाले, मी दाखला देऊ शकत नाही. मंदा, मी चिडले. सगळ्या पाड्यासमोर चिडले. म्हटलं, तुम्ही सही करणार नाही, तर उद्या लोक गॅस घेऊन येतील, मग हा पूल ना धोक्याचा राहील ना कामाचा. ते एवढंच म्हणाले, "बाई, मी सही केली आणि पुराच्या दिवशी मुलं पुलावर असताना हा खांब बसला, तर माझ्या सहीला धरून त्यांना वर येता येईल का?" मी घरी आले, आजीला जेवायला वाढलं, मी जेवले नाही. आजीने विचारलं तेव्हा खांब कोणता ते सांगितलं. तोच, तिच्या बापाचा. ती म्हणाली, पाण्यानं न्हेलं तं परत भर. सकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं आणि विचारलं, की खांबाखालची जागा भरायची कशी, ते सांगा. ते पिशवी खाली ठेवून तिथेच मातीत काडीने आकृती काढायला बसले. त्यांची एसटी निघून गेली.

मग उन्हाळ्यापर्यंत काय काय केलं ते कार्डांतून तुला तुकड्यातुकड्याने कळलंच आहे. कचेरीने लिलाव तूर्त थांबवला, सामान आणि सिमेंटचं परमिट दिलं, अंगमेहनत आपली. मे महिन्यात नदी आटली की खांबाभोवती वाळूच्या गोण्यांचा बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं, खालचा चिखल काढून कातळ लागेपर्यंत जायचं, गोणपाटाच्या पिशव्यांत काँक्रीट भरून त्या पोकळीत ठासायच्या आणि बाहेरून मोठाले धोंडे रचायचे. तुझा कोंडूकाका भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या यंत्रमाग कारखान्यातून माणसं घेऊन आला. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून दर शुक्रवारी टेम्पो भरून यायचे. त्यांत मोमीनपुऱ्याचे होते, आझमगडचे होते, आपले होते. कोंडूकाका आठवडाभर लूमच्या खडखडाटात असतो, इथे पाण्यात उभा राहिला की गाणं म्हणायचा. गोदू कुबडी घेऊन काठावर बसून सगळ्यांच्या भाकऱ्या भाजायची. केसरीनाथ कल्याणहून पहिल्या एसटीने येत आणि सगळ्यात शेवटी जात. एकदा काँक्रीटची पिशवी नीट बसली नाही तर त्यांनी भरलेली सगळी रांग परत काढायला लावली. लोक कुरकुरले. मीच खाली उतरून पहिली पिशवी काढली, मग बाकीच्यांनी काढल्या. संध्याकाळी सगळे गेले की आम्ही दोघं काठावरच्या कातळावर बसून दुसऱ्या दिवसाचं ठरवत असू. भुसावळ, इटारसी, सोलापूर, कुठल्या कुठल्या पुलांच्या गोष्टी ते सांगत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरांत आणि नद्यांच्या काठी गेलं. मी तुझ्या बाबांचं सांगे. कारखान्यातल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती कशी पोखरली, आणि शेवटच्या दिवसांतही ते मला डी.एड.च्या परीक्षेला कसे पाठवत होते. तुझ्या बाबांबद्दल मी इतकं कोणाशी बोलले नव्हते. तुझ्याशीसुद्धा नाही.

खांबाखालची पोकळी भरून झाली, गंजलेले रूळ मोकळे केले, वर ऐनाच्या लाकडाच्या फळ्या टाकल्या, दोन्ही बाजूंना कठडा लावला. मग भाराची परीक्षा. मधल्या खांबाला लागून असलेल्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, वाळूची पोती रचायची, पुलावर जेवढी माणसं मावतील त्यांच्या दुप्पट वजनाची. खाली नदीच्या पात्रात एक बांबू रोवून त्यावर खूण केलेली, आणि गर्डरला तारेने टांगलेला दगड त्या खुणेशी जुळवलेला. पोती चढत गेली तसे केसरीनाथ पुलाखाली जाऊन बांबूजवळ उभे राहिले. सगळे काठावर, ते एकटे खाली. मी मुख्याध्यापकांना विचारलं, हे तिथे का गेले. ते म्हणाले, जुन्या इन्स्पेक्टरांची रीत आहे, पूल माझ्या जबाबदारीवर आहे असं दाखवायची. मी चपला काठावर काढल्या आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला परत जायला सांगितलं. मी म्हटलं, अर्जावर पहिली सही माझी आहे. वर लोक पोती टाकत होते, फळ्यांतून वाळू आमच्या डोक्यावर पडत होती, लोखंड करकरत होतं. दगड खुणेच्या खाली सरकला, अगदी थोडा, नखाच्या अर्ध्याएवढा, आणि थांबला. मग पोती उतरवली. आम्ही दोघं त्या दगडाकडे डोळे लावून होतो. तो परत वर आला आणि बरोबर खुणेवर थांबला. केसरीनाथ म्हणाले, "आला परत." पुलांवर सारा जन्म गेलेला माणूस, आणि त्याचे डोळे भरले होते. त्यांनी पिशवी उघडून दाखल्यावर सही केली ती तिथेच, पुलाखाली.

शाळा सुरू झाली तेव्हा पल्याडची सगळी मुलं पुलावरून चालत आली. मी हजेरी मोठ्याने घेतली.

पण पाण्याची परीक्षा बाकी होती. ऑगस्टमध्ये धरण भरून वाहायला लागलं आणि तानसा दुथडी भरून आली. केसरीनाथ भर पावसात कल्याणहून आले, छत्री मोडलेली, अंगावर सुकं काही नाही. दिवसभर काठावर उभं राहून ते मधल्या खांबाकडे बघत होते. लाकडाचे ओंडके खांबावर आपटत होते आणि पाणी फुटून दोन्ही बाजूंनी जात होतं. खांब जागचा हलला नाही. दुपारी त्यांना मी शाळेत आणलं, मुख्याध्यापकांचे कपडे दिले, चहा दिला. ते म्हणाले, पुढचा पूर आला की पुन्हा येईन. मी त्यांना विचारलं, "दर पुराला तुम्ही असे कल्याणहून भिजत येणार का? इथेच राहा." ते म्हणाले, "इथे कुठे राहू?" मी म्हटलं, "माझ्या घरी. रीतसर." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, मी आगरी आहे, भोईरांचा. तुमच्या माणसांना चालेल?" मी म्हटलं, "आधी तुमच्या माणसांना विचारा. आणि आता मला तुळजा म्हणा."

त्यांच्या माणसांना चालत नाही. दापोड्याच्या भावांनी वय विचारलं नाही, सुखात राहशील का विचारलं नाही, फक्त जात विचारली, आणि घरात पाऊल टाकू नकोस म्हणाले. केसरीनाथ शेताचा वाटा सोडून पिशवी घेऊन निघून आले. आपल्याकडे कोंडूकाका बोलत नाही. पोरीच्या लग्नाच्या वयात आईला हे काय सुचलं, असं त्याने गोदूकडून सांगून पाठवलं. त्याला राग आहे तो भावाच्या प्रेमापोटी आहे, म्हणून मी उत्तर दिलं नाही. पण थांबणारही नाही. मला भीती होती ती एकीचीच, आजीची. मुलगा गेल्यावर ती माझ्याकडे राहिली, मीच तिची लेक आणि गेलेल्या लेकाच्या जागीही मीच. तिला कसं सांगायचं ते ठरवता ठरवता माझे आठ दिवस गेले. शेवटी एका दुपारी मी तिचे केस विंचरत असताना सांगून टाकलं. मी वेणी घालून गाठ मारली. मग तिने मान न वळवता विचारलं, "त्यो आपल्या हातचं खातो का?" मी म्हटलं, मे महिनाभर तुमच्याच हातची चटणी खाल्ली की त्यांनी. तशी म्हणाली, "मंग त्याला हितं आन. मी न्हाय कुठं जायची." आणि सूप ओढून तांदूळ निवडायला लागली.

तर मंदा, आता मुद्दा. ठाण्याला नोंदणी कचेरीत आम्ही नोटीस दिली आहे. लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. हार नाहीत, वाजंत्री नाही. परत येताना सगळ्यांना भिवंडीला जेवायला नेईन. हे मी तुझी परवानगी मागायला लिहीत नाही. तू मोठी आहेस, तुला राग आला तर तो तुझा आहे, तो घेऊनही ये. भांडायचं असलं तर स्टेशनवर उतरल्या उतरल्या भांड, माझी तयारी आहे. तुझ्या बाबांचा फोटो आहे तिथेच भिंतीवर राहील, खिळासुद्धा बदलणार नाही, हे केसरीनाथांनीच मला आधी सांगितलं. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक मुख्याध्यापक, दुसरी गोदू. ती आता कुबडीशिवाय चालते. तिसरी जागा मी कोणाला दिलेली नाही. रजेचा अर्ज आजच टाक आणि ये. सही घाईत, आडवीतिडवी करू नकोस. ठळक मराठीत, पूर्ण नाव लिही, मंदा दौलत गायकवाड. माझ्या लग्नाच्या कागदावर तुझ्या बाबांचं नाव असलं पाहिजे, आणि ते तिथे फक्त तूच लिहू शकतेस.

वाट बघणारी, तुझीच,
आई